गंभीर आधी

...आणि वर मलाच विचारतात, हात का उचललास! अहो, तुम्हाला सांगतो, समोर सख्खा मेहुणा होता म्हणून एकच उचलला! डोकं फिरणार नाही तर काय होईल?

काम काय? इस्पितळाच्या तातडीच्या विभागात पेशंटची यादी भिंतीवरच्या स्क्रीनवर दाखवायची. पानावर वीस नावं, गंभीर आधी, नाव टाइप केलं की तेवढंच दिसायचं. आणि स्क्रीन अडकता कामा नये... सर्व्हरला विचारायचं, उत्तर येईल तेव्हा येईल, तोवर बाकीचं चालू! संध्याकाळपर्यंत टिकलं तर वर्षभराचं काम, नाही तर मी नि मेहुणा दोघंही घरी. बायको म्हणाली, "माझ्या भावाला सांभाळून घ्या हं!" घेतलं!

शंभरदा सांगितलं, बाबा रे, आधी अख्खी यादी गंभीर वर अशी लाव, मग पानं पाड. हा म्हणतो, "भावोजी, दिसणार वीसच, मग वीसच लावतो की!" लावली! जो आधी आला तो पहिल्या पानावर, आणि गंभीर-बिंभीर त्या वीस जणांतच! म्हणजे नख उपटलेला पोरगेलासा माणूस पहिल्या पानावर, आणि डोक्याला खोक पडलेला पैलवान दुसऱ्यावर! पैलवान गरजला, "माझ्याआधी हा?" आणि नखवाल्याला कॉलर धरून उचललंच! नखवाल्याची आई धावली, पर्स फाडकन पैलवानाच्या कानाखाली! खुर्च्या उडाल्या, काच फुटली, दोन नवे पेशंट तिथेच तयार झाले! डोकं फिरणार नाही तर काय होईल?

सिस्टर ओरडल्या, "अहो, नाव टाकून शोधा ना!" कारकुनाने टाकलं. खरं उत्तर आलंही... पण दर अक्षराला सर्व्हरकडे वेगळी विचारणा, त्यात पहिल्या अक्षराचं उत्तर रमतगमत मागून आलं आणि त्याच्या बोकांडी बसलं! पाय मोडलेल्याच्या जागी त्याच अक्षराचे पोटदुखीचे आजोबा वर, आणि त्यांच्या धडधाकट पायाला प्लास्टर! आजोबांनी काठी अशी फिरवली की कारकून टेबलाखाली. हे मात्र माझं काम होतं बरं का. जुनं उत्तर फेकून द्यायला मीच विसरलो. पण काठी चालू असताना असं कबूल करतं का कोणी?

मी मेहुण्याच्या एक ठेवून दिली. त्याने कीबोर्ड हाणला, थेट नाकावर! मोठ्या डॉक्टरीणबाई दारातूनच कडाडल्या, "दोघेही उद्यापासून येऊ नका!"

गेलं काम. नाकातून भळाभळा रक्त. नावनोंदणीच्या खिडकीशी गेलो, कारकुनाने टेबलाखालूनच नाव टाकलं, म्हणाला, "साहेब, तुमचा नंबर पहिलाच आहे."

उठलो हो मी!

"बसा, बसा... तिसऱ्या पानावर."