मानूस तं मरत नाही ना?

—नाही भाऊ, ते मोठी झटका मशीन नका दाखवू. दहा एकराची घेऊन मी काय करू? दोन बांध्या धानाच्या माझ्या, जंगलाले लागून — आन् दोन्हीच्या मंधात दुसऱ्याचं शेत. म्हनजे आज मशीन इकडं, उद्या तिकडं. उचलनार कोन? मीच. मंग हलकी पाहिजे का नाही? हे लहानशी चालते. ब्याटरी आतच हाये? वरून सोलरची पाटी? बरं हाये, टोपलीत मावते. यंदा डुकराईनं धान खाल्लं तं दीर टपूनच हाये, म्हन्ते वहिनी, तुमच्यानं होत नाही, शेत मले कसू द्या.

किती म्हनले — आठ हजार वोल्ट? अगा माय! एवढीशी आन् आठ हजार! — हो, समजलं, सेकंदाले एक डाव, टक्, कुंपनाच्या तारेले लागलं का डुक्कर पळते, मरत नाही. आन् मानूस? — पक्कं? पाय पान्यात असले तरी? नाही, इचारून राहिली. हासून राहिले तुम्ही, हासा. आमच्याकडं मशीन नव्हती भाऊ, मोटारपंपाच्या डब्यातून डायरेक लाईन तारेले जोडत. सारेच जोडत.

घाई तं नाही ना तुम्हाले? घरी बोलाव कोनाशी? पोरगा, टिकेश, हैद्राबादले — फोनवर म्हन्ते ‘खाल्लं का’, मी म्हन्ते ‘खाल्लं’, झालं. — तं मागच्या साली, दिवस बुडता बुडता, माझे मालक पल्याडच्या धुऱ्यावर, बांधीच्या कडेले, तार बांधून राहिले होते, मी खटक्यापाशी. त्याइचं सांगनं असं — तू आवाज दे, मी ‘हो’ म्हनलो का दाब. मी आवाज देला, ‘ओऽ, झालं का?’ आमच्याकडं बाई मालकाचं नाव घेते का? नाही घेत. नुसतं ‘ओ’. तिकून ‘हो’ आला. मी दाबला. तो ‘हो’ कवडूचा होता, शेजारच्या बांधीतला — त्याले वाटलं, मी त्यालेच इचारून राहिली. त्याइचा आवाज मंग आलाच नाही. नाव घेऊन हाक मारली असती तं—

सारे म्हन्तात, त्याइनंच लाईन चालू ठेवून तार धरली. मी पन तसंच सांगतलं, पोलिसाले, दिराले, टिकेशले. कवडूले माहीत हाये. तो आता माझ्या धुऱ्यानं जात नाही, दुरून फेरा मारून जाते.

— काऊन सांगून राहिली मी तुम्हाले हे? इसरा. मशीन बांधा. काय? वारंटीच्या कार्डावर नाव? जमुना पटले. — पुरं लागते? मालकाचं पन?

...नंदलाल.

आयकू नाही आलं? नंदलाल! — लिहा, नंदलाल!

असे पाहू नका माझ्याकडं भाऊ. टोपलीत ठेवा मशीन, एसटी निघते माझी.