जागच्या जागी फिरणारं चाक

टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मंडळी, ऐका! आजचा प्रश्न सोपा आहे — सोपा म्हणजे फसवा! जागचा न हलता माणूस कुठं पोचतो का हो? काय, नाही? ते खांबाला टेकलेले आजोबा आत्ताच डुलकीत कुठं जाऊन आले, त्यांना विचारा!

तर साताऱ्यात जयसिंगराव निकम नावाचे मास्तर होते. हायस्कुलात पीटी शिकवायचे. नोकरी संपली, पण सायकल सुटली नाही. रोज पहाटे यवतेश्वराचा घाट चढायचा! आणि रविवारी कासच्या पठारावरून थेट खाली बामणोलीला, कोयना धरणाच्या पाण्यापर्यंत. काठावर पाय धुवायचे, माघारी फिरायचं. एकटे! पत्नी सगुणाबाई घरी चहा ठेवून वाट बघायच्या.

आणि एक दिवस घाटात चक्कर आली — मास्तर आडवे! हात मोडला होता, तो जुळला. कानातला तोल गेला, तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, रस्त्यावरची सायकल बंद." झालं! मास्तरांनी भिंतीकडं तोंड केलं. ताटातली भाकरी तशीच. सगुणाबाई भरलेलं ताट उचलायच्या आणि मनात म्हणायच्या, हा माणूस असाच भिंतीकडं बघत संपणार की काय?

पुण्याहून मुलगा धावला, विश्वजित. त्यानं घरात चालवायची सायकल धाडली. समोर पडदा, पडद्यावर परदेशातले बर्फाचे डोंगर, घाम किती गेला तेही यंत्रच सांगणार! यंत्र दारात आलं — आणि आपण काय करतो हो अशा वेळी? ओवाळलं! नारळ फोडला! हळदीकुंकू, झेंडूचा हार! शेजारणी हात जोडून गेल्या. धूळ बसू नये म्हणून वर चादर घातली. आता पूजा केलेल्या वस्तूला पाय लावायचा कसा? मास्तर एकदाच बसले, पडद्यावरचा बर्फ बघितला, "हे कुणाचं गाव?" म्हणाले, आणि उतरले. मग त्या हँडलवर टॉवेल वाळायला लागला. मग परकर! हसताय? आपापल्या घरातल्या जपमाळेवर काय वाळत घातलंय, ते बघा आधी!

सगुणाबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. सायकलच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं आधी चाकांखाली ठेवायचे तीन फिरते रूळ दाखवले. "यावर सायकल मोकळी फिरते, आजी."

"आणि तोल?"

"तो ज्याचा त्यानं सांभाळायचा."

"नको रे बाबा! तोच तर हरवलाय."

मग त्यानं लोखंडी स्टँड काढला. मागचं चाक उचलून घट्ट धरायचा. पेडल मारलं की चाक फिरतं, सायकल हलत नाही. खटका ओढला की चढासारखं जड होतं. बाईंनी एकच विचारलं, "यावर आमच्या घरचीच सायकल बसंल का?"

"बसेल की."

"मग हाच द्या."

बघा हं मंडळी! मुलानं व्यायाम बघितला. बाईंनी माणूस बघितला!

जुनी सायकल खिडकीपाशी उभी राहिली, तोंड डोंगराकडं. या खेपेला कुंकू नाही, हार नाही. पण मास्तर? भिंतीकडूनच म्हणाले, "जागच्या जागी फिरायला मी काय घाण्याचा बैल आहे?"

आता काय करायचं? बाईंनी पदर खोचला — आणि स्वतःच सायकलवर चढल्या! जन्मात पहिल्यांदा! म्हणाल्या, "मग मीच जाते."

"कुठं?"

"माहेरी."

हळू ऐका आता. त्यांचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली होतं. परकरी पोर असताना बैलगाडीत बसून त्या गावाबाहेर पडल्या, आणि मागं धरण भरलं. मास्तर ज्या काठावर पाय धुवायचे, त्याच पाण्याच्या तळाशी!

मास्तर वळले. पीटीचा मास्तर तो! "अगं, टाच खाली! हँडल आवळू नकोस. थांब, घाट लागला, जड करतो." खटका ओढला. "हे यवतेश्वर... आता पठार, श्वास सोड." बाईंनी डोळे मिटले. दुपार होती. चाक गुणगुणत होतं, खिडकीचा पडदा हलत होता. कासची फुलं गेली, धुकं गेलं, उतार लागला.

"सगुणा, पाणी आलं. ब्रेक लाव."

"का?"

"पुढं रस्ता नाही."

"आहे हो! तुम्हाला ठाऊक नाही, मला आहे. या माझ्याबरोबर."

मास्तरांनी हँडलला हात लावला, डोळे मिटले — आणि गेले दोघं पाण्यात! वर हिरवा उजेड. पिंपळाच्या फांद्यांतून मासे हिंडतायत. कुठं बैलांच्या घुंगरांचा आवाज. चिखलाची पाणंद, तिच्या टोकाला घर, उंबऱ्यात तांब्या घेऊन आई उभी!

"अहो, आई विचारतीय, जावई आलेत का?"

मास्तरांच्या गालावरून पाणी उतरलं. "आलोय म्हणावं. जरा उशीर झाला."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मास्तरांनी बाईंचा दंड धरला. "उतर आता. परतीचा घाट तुला झेपायचा नाही. तो मी चढतो."

आणि मास्तर सायकलवर बसले!

आता मला सांगा, कोण कुठं पोचलं? आपण नाम घेतो, पोथी वाचतो, प्रदक्षिणा घालतो — चाक फिरतंय! पण कुठं निघालोय? आणि बरोबर कोण आहे? रोज देवळात येता, उभा जन्म येता. घरात जी तुमच्या चहाचं आधण ठेवून बसलीय, तिला कधी विचारलंत, तुला कुठं जायचंय म्हणून? आज आरती जरा आटोपती घेऊ. जा. चहा निवायच्या आत विचारा. देव तिथंच उंबऱ्यात उभा आहे, तुम्हीच काठावरून माघारी फिरताय!