हसून दाखवा

राजापेठच्या बसथांब्यावर प्रतीक्षा कानात हेडफोन घालून, गाणं बंद करून, शेजारचं ऐकत होती. भाजीवाली शकुनबाई भाच्यावर, अंकुरवर घसरली होती.

“मोबाइलसमोर मान काहून हालवून राहिला बे?”

“क्रिप्टोचं खातं उघडून राहिलो, मामी. ते चेहरा तपासतात.”

“आधार देल्लं ना?”

“देल्लं. पॅनबी देल्लं. आता हसा म्हनते.”

“मालक कोन हाये?”

“माईत नाई.”

“दुकान कुठी हाये?”

“दुकान नसते, मामी. ॲप असते.”

“माह्या गाडीवर गिऱ्हाईक वांगं उलटंपालटं करून पायते. इथं गिऱ्हाईक तू, अन् तुलेच उलटंपालटं करून राहिले!”

“झालं! ओळख पटली!”

“तुही ओळख पटली. आता त्यायले म्हन, तुमीबी एकडाव हसून दाखवा.”