मधुमालतीची ड्यूटी

तुकोगंजच्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून अमिता डोळे मिटून बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

"अहो, सोमवारी इंजिनीअर येतायत. बिल्डिंगच्या कॉलमांना नव्या सळया बांधून वरून काँक्रीट चढवणार."

"चढवू दे."

"मग भिंतीवरची वेल काढावी लागेल ना."

"वेल नाही निघणार."

"भूजच्या भूकंपात अपनी बिल्डिंग पण हलली होती. ‘अंबिका, भाग बाहेर,’ म्हणून तुम्हीच मला ओरडलात."

"त्या वेलीनंच भिंत धरून ठेवली."

"काहीही! रोज बुडाशी बादल्या ओतता, त्या पाण्यानं कॉलमच्या सळया गंजल्यात. इंजिनीअरजींनी दाखवलं मला."

"मला नाही सांगितलं."

"मीच नका सांगू म्हटलं."

"मग वेलीचं काय?"

"नंतर भिंतीपासून हातभर दूर जाळी उभी करून देणार आहेत. वेल तिच्यावर चढेल."

"मधुमालती भिंतभर व्हायला किती वर्षं लागतात, मालूम आहे?"

"लागू देत. तिचीच फांदी मी कुंडीत लावलीय. पालवी पण फुटलीय."

"कुंडीला काय, तांब्याभर पाणी. पाच मिनटांत काम खतम. मग दिवसभर मी काय करू?"

"तुमची मिल बंद झाली तेव्हा पण हेच विचारलं होतंत."

"हं."

"मिलचा खाकी शर्ट इस्त्री करून ठेवीन. सकाळी भोंग्याच्या टायमाला गॅलरीत कुंडीपाशी जायचं."

"आणि डबा?"

"तो तर भरणारच. ड्यूटीवर जाताय ना?"