वरून काढलेला फोटो

पालिकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बहीणभावाचं बोलणं मागे उभ्या असलेल्या एका शिक्षिकेच्या कानावर पडत होतं.

“ताई, छोट्या विमानातून सगळ्या वस्तीचे फोटो काढायचे, एवढंच काम होतं. पालिकेला ते कशाला हवेत, हे मी विचारलंच नाही.”

“आणि आमची गच्चीवरची खोली पाडायची नोटीस आली.”

“वरून तुझं घर ओळखताच आलं नाही गं.”

“आम्ही तुझं विमान लांबूनच ओळखलं. पोरांना मुद्दाम खोलीच्या दारात उभं केलं होतं, मामाला हात करायला.”

“फोटोत दिसतात दोघं.”

“हसतायत?”

“हो.”

“मग तेवढा फोटो मला दे.”

रांग पुढे सरकली, तरी भावाचा पाय उचलेना. शिक्षिकेने त्याला घाई केली नाही.