पाकळीचा ल, देठाचा श

पास उन्हात धरून गार्ड फिरंता साहू अक्षरं पाहत होते, तेवढ्यात मी स्कूटी लावून कारखान्याच्या गेटवर पोहोचले. आई त्यांच्यासमोर पर्स छातीशी धरून उभी होती.

मी मोनाली भैय्यालाल रामटेके, वय एकोणतीस, व्यवसाय अ‍ॅप तयार करणे, राहणार गुढ़ियारी, रायपूर. पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते ते असे. मुन्शी राकेश वर्मा हा जबाब हिंदीत लिहून घेत आहेत. ही मराठी प्रत त्यांच्या परवानगीने मी वडिलांसाठी लिहिते आहे.

वडील सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात भट्टीवर आहेत. उद्या सकाळची पाळी त्यांची शेवटची. निवृत्त होणाऱ्याच्या घरच्या एका माणसाला त्या पाळीत भट्टीपर्यंत नेतात, अशी तिथे रीत आहे. आईने भट्टी कधी पाहिलेली नाही. लग्नापासून ती तिथले कपडे धुते.

कारखान्याच्या गेट पासचं अ‍ॅप मी केलं आहे. ते ऑफिसातल्या विंडोज कॉम्प्युटरवर चालतं आणि गार्डांच्या अँड्रॉइड फोनवरही. मध्यंतरी बनावट पासवर भंगार बाहेर गेलं. तेव्हापासून हुकूम आहे की पासवरचा कोड स्कॅन करायचा, फोनवर उघडलेला पास आणि हातातला कागद शेजारी धरायचे, आणि अक्षर न अक्षर जुळलं तरच सोडायचं.

पाहुण्याच्या पासवर आदल्या दिवशी गेटचा शिक्का लागतो. त्यासाठी आई आज आली होती. फिरंता साहूंनी जुळवलं. जुळलं नाही. कागदावर ‘शेवंता भैय्यालाल रामटेके’ मराठी वळणात होतं, पाकळीचा ल, देठाचा श. फोनवर तेच नाव हिंदी वळणात, ल ला उभा दांडा.

ते म्हणाले, “अम्मा, नाम तो एके हे, फेर अक्छर दूसर हे.”

आई म्हणाली, “अक्षर माह्या नवऱ्याच्या पसंतीचं हाय, भैया. नवरा तोच हाय.”

त्यांनी पास जमा केला आणि बनावट पासाच्या संशयावरून आम्हाला इथे ठाण्यात आणलं. जीपमध्ये आईला पुढे बसवलं. त्यांनी आपलं काम केलं, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पास सुटला नाही तर उद्या आई आत जाऊ शकत नाही, आणि परवा वडील तिथले नसतील.

राकेश भैयांनी विचारलं, “ऐप वही, पास वही, तो अक्षर कैसे बदला?”

अक्षरांचं वळण फॉन्टच्या फाइलमध्ये असतं. माझ्या अ‍ॅपमध्ये फॉन्टचं फक्त नाव होतं. त्या नावाचा फॉन्ट नसला की फोन आपल्याजवळचा वापरतो आणि कोणाला सांगत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे. वडील गोंदियाला शिकले. नावातले दोन ल दांड्याला टांगलेले त्यांना चालत नाहीत, म्हणून मी तो घेतला होता. ऑफिसात तो नाही, गार्डांच्या फोनमध्येही नाही. बाकी सगळ्यांचे पास ऑफिसातच छापतात. दोन्हीकडे दांड्याचाच ल येत राहिला आणि कोणाला काही कळलं नाही. आईचा पास मी घरी छापला. जाड कागदावर. तिला तो ठेवायचा आहे.

हे ऐकून आई म्हणाली, “म्हंजे पोट्ट्याले शाळेत धाडलं अन् डबाच नाही देल्ला. जिथं गेलं तिथचं खाऊन राहिलं.”

हे जबाबात घ्यायचं का, असं राकेश भैयांनी विचारलं. मी घ्या म्हटलं.

ठाण्यातच मी लॅपटॉप उघडला. फॉन्टची फाइल अ‍ॅपच्या आत ठेवली. फॉन्ट मोफत वाटण्याच्या परवान्याचा आहे, तो परवानाही सोबत ठेवला. फिरंता साहूंच्या फोनवर नवं अ‍ॅप टाकलं.

“दीदी, ये तो वइसनेच हे.”

फाइल आत होती, पण ती कुठे आहे हे मी अ‍ॅपला सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, “काहून घाई करतेस?” ते सांगून पुन्हा टाकलं. मग ठाण्याच्या कॉम्प्युटरवर आणि राकेश भैयांच्या फोनवरही टाकलं. तिन्हीकडे पाकळीचा ल आला. राकेश भैयांनी बायकोचं नाव लिहून पाहिलं, कमला. थोडा वेळ पाहत राहिले. “अच्छा दिखता है,” म्हणाले.

फिरंता साहूंनी पास पुन्हा स्कॅन केला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत जुळवला. शेवटी “हव”, म्हणजे हो, म्हणाले. पास आईच्या हातात दिला. शिक्का गेटवर आहे, आता तिकडेच निघतो आहोत. वडिलांना यातलं काही अजून कळवलेलं नाही.

हिंदी जबाब राकेश भैयांनी मोठ्याने वाचला, मी तो आईला मराठीत ऐकवला. सांगितलं तसंच लिहिलं आहे, असं आम्हा दोघींचं म्हणणं आहे. खाली सही केली आहे.

नंतरची नोंद. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता रामटेके पहिल्या पाळीसोबत आत गेल्या. भट्टीजवळ पाळीच्या लोकांनी त्यांना आणि भैय्यालाल यांना चहा दिला. बाहेर आले तेव्हा दोघांच्याही चेहऱ्यावर काजळी होती.