मोयशेचं नाव

आम्ही बेने इस्राएल, मूळचे रेवदंड्याकडचे. बापजादे तेलाचा घाणा चालवायचे, शनवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेलीच म्हणायचं. ज्यू आहोत हे सगळ्यांना ठाऊक, लपवायचं काय त्यात? मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं.

नवऱ्याची नोकरी जपानात, तोयोसूला, म्हणून आम्ही ओजिमाला, सरकारी वसाहतीत. खालच्या मजल्यावर फान्याआजी, रशियाची, ऐंशी ओलांडलेली, जपानी जावयाकडे राहते. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या जपानीत बोलतो. आमच्या दाराच्या चौकटीवर प्रार्थनेची डबी असते ना, मेझुझा, ती बघून एकदा अगदी हळू म्हणाली, मी पण. काय सांगू तुम्हाला, एवढी म्हातारी बाई, पण ज्यू हा शब्द काही तिच्या तोंडून निघेना.

तिच्या लहानपणी तिकडे कम्युनिस्टांचं राज्य. प्रार्थनेच्या घराचं गोदाम केलेलं. वडील मास्तर, कोणीतरी चुगली केली की हा सणाला प्रार्थना करतो, गेली नोकरी. घरात ते मोयशे, बाहेर मिखाईल. वारले तेव्हा बाहेरच्याच नावानं पुरलं, प्रार्थना नाही की काही नाही, भीती हो. बाबांचं खरं नाव घेऊन कोणी दोन शब्द म्हटले नाहीत, हे तिला जन्मभर लागून राहिलं.

मग माझ्या बाबांना जाऊन वर्ष झालं, त्यांच्या नावानं प्रार्थना आणि प्रसादाचा मलिदा आला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं. आमच्यात मलिदा दार लावून करत नाहीत, शेजारपाजारी आलेच पाहिजेत. वसाहतीतले आपले मराठी लोक, जोशीकाकू, पाटील, आणि फान्याआजी, सगळ्यांना बोलावलेलं. बेल वाजली की फान्याआजी उठून उभी, निघायलाच. मी हात धरून बसवायची, म्हटलं, आजी, खायला आलेत हो हे.

नवऱ्यानं प्रार्थनेत माझ्या बाबांचं नाव घेतलं आणि तिच्याही बाबांचं घ्यावं म्हणून तिच्याकडे बघून थांबला. ती त्याच्या कानाशी पुटपुटली. बिचाऱ्या जोशीकाकूंना काय माहीत, त्या म्हणाल्या, आजी, मोठ्यानं सांगा की, आम्हालाही कळू दे. मी ते जपानीत सांगितलं. तिनं एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाली, मोयशे. परत म्हणाली, मोयशे, खोलीभर ऐकू गेलं, आणि लहान पोरीसारखी रडली. नवऱ्यानं त्या नावानं प्रार्थना पुरी केली, काकूंनी हात जोडले.

मला रेवदंड्याची फार आठवण येते हो. तिथली आमची माणसं इस्राएलला गेली, घरं बंद. इथं माझी पोरं मला जपानीत उत्तर देतात, मलिदा बघून नाक मुरडतात. कोणाची बंदी नाही, कसली भीती नाही, तरी वाटतं, माझ्यामागे माझं नाव कोण घेणार? परवा फान्याआजीला तसं बोलले, तर म्हणते, घाबरू नकोस, मी आहे ना. ह्या वयात मला सांगते! देव तिला उदंड आयुष्य देवो.